शेजारी लॉटरी लागली तेव्हा: बरोबरीच्या ओढीचं एक प्रकरण

घराची मिळकत आहे तेवढीच राहिली आणि तरी दारात नवी गाडी आली, तर त्यामागचं खरं कारण शोधणं अवघड असतं. जुनी गाडी सारखी बंद पडत होती, मुलं मोठी झाली, कर्ज स्वस्तात मिळालं, अशी कारणं सांगितली जातात आणि ती बहुधा खोटीही नसतात. ‘शेजारच्यांनी घेतली म्हणून आम्ही घेतली’ असं मात्र कुणी म्हणत नाही. बहुतेकांना स्वतःच्या मनातही ते तसं जाणवत नाही.

बाहेरून पाहणाऱ्याचीही पंचाईत होते. शेजारी राहणारी माणसं मुळातच एकमेकांसारखी असतात. साधारण एकाच पगारातली, एकाच वयाची, मुलं पुढेमागे त्याच वर्गांत शिकणारी. दोघांनी एकाच वर्षी गाडी बदलली तर तिला बरोबरी म्हणायचं की नुसता योगायोग? बरोबरीच्या ओढीबद्दल आपण तावातावाने बोलतो खरं, पण ही शंका मिटल्याशिवाय त्या बोलण्याला आधार नसतो.

नेदरलँड्समधल्या एका प्रकरणात ती शंका बरीचशी मिटते. तिथे नशिबानेच प्रयोग मांडला. एकाच गल्लीतल्या काही घरांना, त्यांनी काही कर्तबगारी न गाजवता, एका दिवसात भरपूर पैसे मिळाले. भिंतीला भिंत लागून असलेली बाकीची घरं होती तिथेच राहिली. पगार तोच, कर्ज तेच, घर तेच. पुढे त्या बाकीच्यांनी काय केलं, एवढाच प्रश्न.

पत्त्यावर निघणारी सोडत

नेदरलँड्सचा पोस्टकोड चार आकडे आणि दोन अक्षरांचा असतो. आपल्या पिनकोडसारखा तो अख्ख्या भागाला मिळून एक नसतो. सरासरी १९ घरांमागे एक कोड, म्हणजे रस्त्याची एक बाजू किंवा तिचाही एखादा तुकडा. कोड आणि घर क्रमांक एवढं लिहिलं की पत्र नेमक्या दारात जाऊन पडतं.

१९८९ साली तिथे राष्ट्रीय पोस्टकोड लॉटरी सुरू झाली. तिकीट घेणाऱ्याला आपला क्रमांक निवडायचा नसतो, त्याचा पोस्टकोड हाच त्याचा क्रमांक. ज्या काळाचा अभ्यास इथे मांडतो आहे, तेव्हा दर आठवड्याला एक कोड निघायचा. त्या कोडात ज्यांच्याकडे तिकीट असेल, त्यांना प्रत्येक तिकिटामागे १२,५०० युरो मिळायचे. दोन तिकिटं असतील तर २५,०००. शिवाय त्या तिकीटवाल्यांपैकी एका घराला नवी कोरी बीएमडब्ल्यू. तिकिटांच्या पैशातला मोठा हिस्सा धर्मादाय कामांना जातो आणि तिकीट घेणाऱ्या अनेकांना त्याचंही समाधान असतं.

ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला अर्थातच काही मिळत नाही. पण निघालेला कोड त्याचाही असतो. साध्या लॉटरीत तिकीट न घेणाऱ्याला, घेतलं असतं तर काय झालं असतं, हे जन्मभर कळत नाही. इथे ते त्याच आठवड्यात कळतं. डावीकडच्या घराला किती, उजवीकडच्याला किती, आणि केवळ तिकीट नसल्यामुळे आपले किती गेले, हा हिशेब त्याला कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

टिलबर्ग विद्यापीठातल्या मार्सेल झेलेनबर्ग आणि रिक पीटर्स यांनी २००४ मध्ये नेमकं हेच तपासलं. ‘पुढे पस्तावायची पाळी येईल’ ही भावना पोस्टकोड लॉटरीचं तिकीट घेण्याच्या निर्णयात काम करताना दिसली, तिथल्या सरकारी लॉटरीच्या बाबतीत तशी दिसली नाही. जिंकण्याची आशा दोन्हीकडे आहे. शेजारी पुढे गेले आणि आपण मागे राहिलो, ही भीती फक्त एकीकडे आहे. या भीतीवर तिकीट खपतं ही गोष्ट मला मनापासून खटकते, पैसा कितीही चांगल्या कामाला जात असला तरी. गल्लीत अजून काहीच घडलेलं नसतं आणि मागे पडण्याची धास्ती मात्र आधीच घरात शिरलेली असते.

सोडतीनंतरची गल्ली

पीटर कुन, पीटर कोरेमन, आद्रियान सूटेवेंट आणि आरी काप्टेन या चार अर्थतज्ज्ञांनी या लॉटरीवर केलेलं काम २०११ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये छापून आलं. सोडतीनंतर साधारण सहा महिन्यांनी त्यांनी घराघरांकडून माहिती मागवली. ज्यांना पैसे मिळाले त्यांच्याकडून, त्याच कोडात राहून ज्यांना काही मिळालं नाही त्यांच्याकडून, आणि ज्यांचा कोड निघालाच नाही अशा आसपासच्या लोकांकडूनही.

बक्षीस लागलेल्या कोडात साधारण एक तृतीयांश घरांकडे तिकीट असायचं. म्हणजे १९ पैकी सहा-सात घरं. मिळालेली रक्कम सरासरी आठ महिन्यांच्या उत्पन्नाएवढी. आयुष्य बदलून टाकणारी नव्हे, पण गल्लीत जाणवावी इतकी मोठी.

विजेत्यांचं वागणं बऱ्यापैकी शहाणपणाचं होतं. रोजचा खर्च उधळला नाही. वाढ झाली ती मुख्यतः गाड्यांवरच्या आणि घरात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वस्तूंवरच्या खर्चात. बीएमडब्ल्यू लागलेल्यांपैकी बहुसंख्यांनी तिचे पैसे करून घेतले. स्वतःच्या खिशातून त्यांनी ती कधी घेतली नसती आणि फुकट मिळाल्यावरही त्यांना ती पैशांपेक्षा मोलाची वाटली नाही. प्रतिष्ठेची गाडी म्हणून जिचा एवढा गाजावाजा, ती प्रत्यक्ष हातात आल्यावर बहुतेकांना रोकड बरी वाटली, हे मला या सगळ्या अभ्यासातलं फार बोलकं निरीक्षण वाटतं.

आता ज्यांच्याकडे तिकीट नव्हतं, ती घरं. त्यांच्यातही ज्यांच्या अगदी शेजारच्या दारात बक्षीस आलं होतं, ती वेगळी काढली आणि तिकीट नसलेल्या इतर घरांशी त्यांची तुलना केली. एक युरोही न मिळालेल्या या शेजाऱ्यांचा गाड्यांवरचा खर्च इतरांपेक्षा ठळकपणे जास्त निघाला.

यावर शंका घेता येतात आणि घ्यायलाच हव्यात. विजेत्याने नवी गाडी घेताना जुनी शेजाऱ्याला स्वस्तात दिली असेल. गाड्यांच्या गप्पा निघाल्या असतील आणि शेजाऱ्याच्या मनात आधीपासून असलेला बेत लवकर पुरा झाला असेल. अशी एखाददुसरी घरं असणारच. पण मग बक्षिसाच्या दाराला दार लागून असलेल्यांतच हा फरक उठून का दिसावा? आणि तोही बाहेर, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या वस्तूच्या बाबतीत? दोन्ही प्रश्नांना एकत्र लागू पडणारं उत्तर मला बरोबरीच्या ओढीतच दिसतं.

काय दिसलं, काय नाही

तिकीट नसलेल्या त्या घरातला माणूस डोळ्यांसमोर आणून पाहा. सकाळी कामावर निघताना तो आपल्या गाडीपाशी येतो. गाडी कालच्याइतकीच चांगली आहे. एका दारावर ओरखडा आहे, तो गेली कित्येक वर्षं आहे आणि त्याने कधी मनाला लावून घेतला नव्हता. आज शेजारी नवी गाडी उभी आहे. त्या गाडीने त्याचं काहीही हिरावून घेतलेलं नाही. तरीही त्याला आज तो ओरखडा दिसतो. संध्याकाळी घरात ‘आपणही आता बघायला हवी’ असं वाक्य निघतं, आणि दोघांपैकी कुणालाही त्यात शेजाऱ्याचा संबंध जोडावासा वाटत नाही. गाडी जुनी झालीय, एवढंच.

या माणसाला लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘पुरेसं’ म्हणजे किती, हे त्याने कधी एकट्याने ठरवलं नव्हतं. ते गल्लीने ठरवलं होतं, आणि गल्लीने एका रात्रीत ते वर सरकवलं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेम्स ड्यूझनबरी यांनी १९४९ मध्ये हेच मांडलं होतं. माणूस किती खर्च करतो आणि किती मागे टाकतो, हे त्याच्या स्वतःच्या मिळकतीइतकंच आजूबाजूच्यांच्या तुलनेत तो कुठे उभा आहे यावर ठरतं. चांगली वस्तू वारंवार नजरेला पडत राहिली की आपली वस्तू पुरेनाशी होते. त्याच्या ५० वर्षं आधी, १८९९ मध्ये, थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चावर बोट ठेवलं होतं: लोकांनी पाहावं म्हणूनच काही खर्च केला जातो. पण या प्रकरणात दाखवणारे फारसे दोषी दिसत नाहीत. विजेत्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, गाडी घेतली, बीएमडब्ल्यूचे पैसे करून घेतले. कुणाचा अपमान करायला त्यांनी काही केलं नाही. तरीही दाब तयार झाला. दाखवण्याचा हेतू नसला तरी वस्तू दिसतेच, आणि तेवढं पुरतं.

खरा घात मला पुढच्या गोष्टीत दिसतो. शेजाऱ्याला विजेत्याचा खर्च दिसला, पण त्यामागची शिल्लक दिसली नाही. विजेत्याच्या गाडीमागे आठ महिन्यांच्या उत्पन्नाएवढी रक्कम उभी होती. गाडी घेऊनही त्यातून काही बँकेत राहिलं असेल, कुणी जुनं कर्ज फेडलं असेल. बँकेतली ठेव दारात उभी राहत नाही. फिटलेलं कर्ज खिडकीतून दिसत नाही. त्यामुळे शेजाऱ्याने जे उचललं ते विजेत्याच्या वागण्याचं अर्धं चित्र होतं, आणि तेही महागडं अर्धं. गाडी दोन्ही दारांत आली. पाठीशी पैसा एकाच घराच्या होता.

वरच्या आर्थिक थरातल्या लोकांशी बरोबरी करताना सगळीकडे हेच होतं. मोठं घर दिसतं, त्याला लागलेला वडिलोपार्जित पैसा दिसत नाही. मुलाची महागडी शाळा दिसते, ती फी आजोबा भरतात हे दिसत नाही. परदेशातल्या सहलीचे फोटो दिसतात, ती कंपनीच्या खर्चाने झाली हे फोटोत येत नाही. उलटंही होतं. ज्याच्याकडे पाहून आपण जीव जाळतो, त्याचेच हप्ते थकलेले असू शकतात. फसवणारे दोन्ही प्रकार आहेत, आणि दोन्हींत पाहणाऱ्याचा अंदाज एकाच बाजूला चुकतो.

दिसणं आणि न दिसणं यांतला फरक किती खोल आहे, हे सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे यांच्या १९९८ च्या पाहणीतून कळतं. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्याशाखेतल्या २५७ जणांना त्यांनी कल्पनेतल्या दोन जगांतलं एक निवडायला सांगितलं. पहिल्यात तुम्हाला वर्षाला ५०,००० डॉलर आणि इतरांना २५,०००. दुसऱ्यात तुम्हाला १,००,००० आणि इतरांना २,००,०००. वस्तूंचे भाव दोन्हीकडे सारखेच. जवळजवळ निम्म्या लोकांनी पहिलं जग निवडलं. इतरांच्या पुढे राहायला मिळत असेल तर निम्म्या मिळकतीत राहायला ते तयार होते. सुट्ट्यांबद्दल असंच विचारल्यावर मात्र ही ओढ पुष्कळ कमी झाली. इतरांना जास्त मिळाली तरी चालेल, पण आपल्याला सुट्टी जास्त हवी, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. घरी निवांत घालवलेला दिवस शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही. म्हणूनच त्याची स्पर्धा लागत नाही आणि म्हणूनच त्याचा आनंद टिकतो, असं मला वाटतं.

हा रस्ता पुढे कुठे जातो

डच पाहणी सहा महिन्यांवर थांबते. गाडीचं कर्ज सहा महिन्यांत फिटत नसतं. शेजाऱ्याच्या गाडीचं पुढे काय झालं असेल, याचा अंदाज कॅनडातल्या एका अभ्यासातून येतो.

सुमित अग्रवाल, व्याचेस्लाव मिखेद आणि बॅरी शोल्निक यांनी कॅनडाच्या एका प्रांतातले लॉटरी विजेते आणि त्यांच्या जवळच्या शेजाऱ्यांची दिवाळखोरीची कागदपत्रं एकत्र ताडून पाहिली. कॅनडाचा पोस्टकोडही मोजक्या घरांचा असतो, त्यामुळे ‘जवळचा शेजारी’ नेमका धरता येतो. बक्षिसाची रक्कम जितकी मोठी, तितकी पुढच्या काळात त्या आसपासच्या घरांतली दिवाळखोरी जास्त, असं त्यांना आढळलं. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

दिवाळखोरीच्या अर्जात माणसाला आपली सगळी मालमत्ता लिहून द्यावी लागते. मोठं बक्षीस लागलेल्या विजेत्याच्या शेजाऱ्यांच्या यादीत घर, गाडी, मोटारसायकल अशा बाहेरून दिसणाऱ्या वस्तूंची किंमत वाढलेली होती. रोकड, निवृत्तीसाठी साठवलेला पैसा अशा न दिसणाऱ्या गोष्टींत तशी वाढ नव्हती. नेदरलँड्सच्या गल्लीत जी सुरुवात दिसली, तिचा शेवट या याद्यांमध्ये ओळीने लिहिलेला आहे. दिवाळखोर झालेल्यांमधल्या एकालाही लॉटरीने तोटा केला नव्हता. लॉटरी त्यांना लागलीच नव्हती.

अशा माणसाला ‘अंथरूण पाहून पाय पसरायचे होते’ असं सुनावणं फार सोपं आहे. ते मला अन्यायाचंही वाटतं. ज्याच्यावर दाब पडला त्यालाच आपण बेशिस्त ठरवतो आणि दाब कुठून आला याची चौकशी करत नाही. एकट्याने न खेचलं जायचं ठरवलं तरी त्याची किंमत असते. मुलीला मैत्रिणींच्या घोळक्यात ते जाणवतं, कामाच्या ठिकाणी कपड्यांवरून माणूस तोलला जातो, लग्नाच्या बोलणीत घराचा आकार मोजला जातो. शेजाऱ्याशी बरोबरी करण्यामागे नेहमीच पोकळ हौस नसते. कित्येकदा त्यामागे आपल्या माणसांना कमीपणा येऊ नये ही साधी माया असते, आणि म्हणूनच ती मोडणं जड जातं.

सगळं उघडं केलं तर?

दिसण्या-न दिसण्यात घोळ आहे, तर सगळंच उघडं करा, असा एक उपाय सुचतो. शेजाऱ्याची खरी मिळकत कळली की खोटी बरोबरी थांबेल, असं वाटतं. नॉर्वेने हे वेगळ्या कारणासाठी करून पाहिलं. तिथल्या करदात्यांच्या उत्पन्नाच्या नोंदी पूर्वीपासून जनतेला पाहता येत होत्या, पण त्यासाठी कचेरीत जावं लागे. २००१ पासून त्या इंटरनेटवर आल्या आणि घरबसल्या कुणाचीही मिळकत पाहता येऊ लागली. रिकार्दो पेरेझ-त्रुग्लिया यांनी २०२० मध्ये याचा हिशेब मांडला: श्रीमंत आणि गरीब यांनी स्वतः सांगितलेल्या आनंदातलं अंतर यामुळे २९ टक्क्यांनी वाढलं. ज्यांची मिळकत कमी त्यांना आपली जागा आता आकड्यांत कळली, आणि कळून बरं वाटलं नाही.

२०१४ मध्ये नॉर्वेने नियम बदलला. कुणी तुमची मिळकत शोधली तर त्याचं नाव तुम्हाला कळू लागलं. त्यानंतर असे शोध झपाट्याने कमी झाले.

तेव्हा सगळ्यांची मिळकत सगळ्यांपुढे मांडणं हा उपाय नव्हे. मला उपयोगाचं वाटतं ते याहून लहान आणि घरातलं आहे. मोठी वस्तू घ्यायचं ठरतं तेव्हा ती इच्छा कधी सुरू झाली ते नवरा-बायकोने एकमेकांना खरं सांगावं. गाडी खरोखर त्रास देऊ लागली त्या महिन्यात, की शेजारच्या दारात नवी आली त्या आठवड्यात? दुसरं उत्तर आलं तर लाजायचं काही कारण नाही, निर्णय मात्र काही महिने पुढे ढकलावा. विजेत्यांनीच बीएमडब्ल्यूची रोकड केली, तिथे शेजाऱ्याने तिच्या छायेत कर्ज काढायची घाई कशाला? आणि मुलांना फक्त वस्तू दाखवण्याऐवजी न दिसणारा पैसाही दाखवावा. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला तर तो दिवस घरात तितक्याच थाटात साजरा करावा, जितका नव्या गाडीचा होतो. आजवर न दिसणाऱ्या शिल्लकीला घरात मान मिळत नाही, आणि ज्याला घरातच मान नाही त्याच्यासाठी बाहेरचा दाब सोसायला कुणी तयार होत नाही.

कर्ज देणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. गाडीच्या कर्जाचा अर्ज आला की मिळकत, वय, आधीचे हप्ते सगळं विचारलं जातं. कर्ज घेतल्यानंतर घरात किती महिन्यांच्या खर्चाची रोकड उरेल, हाही प्रश्न त्याच कागदावर, अर्जदाराच्या स्वतःच्या अक्षरात लिहून घ्यायला हवा. कॅनडातल्या त्या याद्यांमध्ये जी बाजू रिकामी राहिली होती ती हीच.